मालवण-तारकर्ली: गुडघ्याचा त्रास असलेल्या आईला पाण्यापर्यंत कुठल्या किनाऱ्यावर नेता येईल?

नमस्कार मंडळी,

दत्तजयंतीच्या सुमारास आईला घेऊन मालवणला जायचं ठरतंय. आम्ही पंढरपूरकडचे. आईचं वय 74, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. सपाट जमिनीवर काठी घेऊन नीट चालते, वाळूत मात्र आधार लागेल. तिने आजवर समुद्र पाहिलेला नाही. तो गाडीत बसून लांबून दाखवायचा नाहीये. लाटेत पाय भिजवून तिला घटकाभर निवांत बसता यावं, यासाठीच हा सगळा खटाटोप.

तारकर्लीला मी मित्रांबरोबर जाऊन आलोय. किनारा देखणाच आहे, पण सुरूच्या झाडांखालून पुढे गेलं की भुसभुशीत कोरडी वाळू लागते. तिथे धडधाकट माणसाचे पाय रुततात, काठी तर सरळ खाली जाते. खालची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावरून आई चालेल. पण ओहोटीला ती वाळू उघडी पडते तेव्हा पाणी लांब गेलेलं असतं, आणि भरतीला पाणी जवळ येतं तेव्हा ती पाण्याखाली असते. नेमकी कोणती वेळ धरावी?

तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हा कोकणातला हिशोब लावला तर पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती आणि साडेपाचच्या आसपास ओहोटी, म्हणजे जवळजवळ सूर्यास्तालाच. त्यात उधाण, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्त ओसरणार. म्हणून दुपारी साडेतीन-चारला जावं असं मनात आहे: घट्ट वाळू थोडी उघडी पडलेली असेल आणि पाणीही फार लांब नसेल. हे बरोबर आहे का? की पौर्णिमा टाळून अष्टमी-नवमीला यावं?

चिवला किनारा मालवण गावातच आहे, गाडी अगदी जवळ जाते आणि लाटांचा जोरही कमी असतो असं कळलंय. मला तोच सगळ्यात सोयीचा वाटतोय. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढताना बघायला मिळाली तर आई हरखून जाईल. पण डिसेंबरात तिथे सागरी जलतरण स्पर्धा असते, तेव्हा गर्दी कितपत असते? गाडीतून उतरल्यापासून ओल्या वाळूपर्यंत साधारण किती चालावं लागतं, पायऱ्या आहेत का, हे कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. नदीकाठच्या एखाद्या घरगुती निवासात उतरावं असा विचार आहे. संगमावर पोरांना पाण्यात सोडणार नाही, ओहोटीला तिथे ओढ असते. त्सुनामी बेटावर आईला नेण्याचा विचार सोडून दिलाय.

सिंधुदुर्ग किल्ल्याचा विचार सोडायला मात्र मन होत नाही. तिथल्या शिवराजेश्वराचं (शिवाजी महाराजांच्या मंदिरातलं) दर्शन घ्यायची तिची फार इच्छा आहे. मालवणच्या धक्क्यावरून होडीत चढताना होडी वरखाली होते, तिथे दोघांनी धरून वयस्कर माणसाला चढवता येतं का? भरतीच्या वेळी चढणं सोपं जातं का? जमणारच नसेल तर 1664 साली किल्ल्याच्या पायाभरणीआधी महाराजांनी जिथे पूजा केली असं सांगतात, त्या मोरयाच्या धोंड्यापाशी नेऊन तिथून किल्ला दाखवेन. तिथवर गाडी जवळ जाते का?

आई माळकरी आहे. मासे शिजणाऱ्या घरात राहायला तिची ना नाही, पण तिच्या जेवणाची भांडी वेगळी हवीत. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या मिळाल्या तर ती खूश. असं सांभाळून घेणारं, तळमजल्यावर खोली आणि कमोड असलेलं घर मालवण, तारकर्ली किंवा देवबागात माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कोल्हापूरहून फोंडा घाटाने कणकवली, पुढे कसालवरून मालवण असा रस्ता धरलाय. आईला फार वेळ पाय दुमडून बसवत नाही. घाट उतरण्याआधी थांबायला बरी, स्वच्छ जागा कुठे आहे?