तीन पिढ्या, सायकली आणि नदीचा काठ: तुमचे अनुभव लिहा

नदीकाठाने सहकुटुंब सायकल सहल केलेल्यांनी इथे लिहावं म्हणून हा धागा काढतेय, त्यातही आजी-आजोबा, आईवडील, मुलं असे सगळे एकत्र गेले असाल तर नक्की लिहा. काय जमलं, काय जमलं नाही, दोन्ही हवंय.

सुरुवात मी करते. आम्ही डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना केलं, साधारण ३२० किलोमीटर. माणसं सात, सगळ्यात मोठे बाबा ७३ चे आणि सगळ्यात लहान माझा भाचा ८ वर्षांचा. लोक हे अंतर आठवड्याभरात करतात, आम्हाला दहा दिवस लागले. मी आधी रोज ५० किलोमीटर असा तक्ता केला होता, तो दुसऱ्याच दिवशी बदलावा लागला. बाबांचे पाय छान चालत होते, दम पण लागत नव्हता, पण दोन तासांनंतर त्यांना सीटवर बसवत नव्हतं आणि ते कुणाला काही बोलले नाहीत. भाच्याने येऊन मला सांगितलं की आजोबा चढ नसताना पण उभे राहून पेडल मारतायत. मग दुकानात जाऊन रुंद सीट बसवली, हँडल जरा वर घेतलं आणि रोजचं अंतर ३०-३५ वर आणलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या तोंडून गप्पा सुरू झाल्या.

बाबांची सगळी नोकरी धरणांच्या कामावर गेली, त्यामुळे पासाऊला त्यांना हलवणंच अवघड झालं. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात, इल्झचं पाणी काळपट आणि इनचं हिरवट फिकं, संगमाच्या टोकाला उभं राहिलं की बराच वेळ ते रंग वेगवेगळे वाहताना दिसतात. टाउन हॉलच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत, १५०१ ची सगळ्यात वर आणि तिच्या जवळच २०१३ ची, त्या वेळी पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. बाबा प्रत्येक खुणेचं साल वाचून नातवाला सांगत होते आणि तो मान मागे टाकून बघत होता. पुढे इब्स-पर्झेनबॉइगला १९५९ साली पूर्ण झालेलं वीजकेंद्र आहे, त्याच्यावरूनच सायकली पलीकडच्या काठावर जातात, तिथे तर आमचा अख्खा तास गेला आणि मी घड्याळ बघितलं नाही याचा मला आनंद आहे.

*

आमच्या घरात सगळं बुकिंग माझ्याकडे असतं, जावई असून :) म्हणून तेवढंच लिहितो. सासू-सासऱ्यांना ई-बाइक आणि मुलांना साध्या सायकली असं करणार असाल तर एक लक्षात ठेवा, युरोपातल्या नेहमीच्या ई-बाइकची मोटर २५ च्या स्पीडपर्यंत मदत करते आणि दहा वर्षांचं पोर १२-१३ ने जातं. म्हणजे मागे राहतात ती मुलं, आजी-आजोबा नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी सासूबाई इतक्या पुढे गेल्या की पुढच्या गावात चौकात एकट्या पाऊण तास बसून होत्या, फोनला रेंज होती पण फोन माझ्या बॅगेत. त्यानंतर नियम केला की सगळ्यात पुढे धाकटी आणि सगळ्यात मागे मी, आणि प्रत्येकाचा फोन प्रत्येकाच्या खिशात.

दुसरं म्हणजे वजन. ई-बाइक २५ किलोच्या आसपास असते, ट्रेनमध्ये चढवायची तर बॅटरी आधी काढून घ्या, जुन्या डब्यांना पायऱ्या असतात आणि ६५ वर्षांच्या माणसाने ती उचलू नये. ट्रेनमध्ये सायकलींची जागा मोजकी असते, सात सायकली एकाच गाडीत जातील असं धरून चालू नका, दोन गटांत जा. मोठं सामान पुढच्या मुक्कामी पोचवायची सोय तिथे सर्रास मिळते, ती घ्याच. आणि ऑस्ट्रियात १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्यानेच लागतं, मोठ्यांनी पण घातलं तर मुलं कुरकुर करत नाहीत.

*

मी १६ वर्षांचा आहे, आई म्हणाली तू पण लिही. मला ही ट्रिप बोअर होईल असं वाटलं होतं. डॅन्यूबच्या काठाने लिंझच्या पुढे माउटहाउझेन गाव लागतं, तिथे टेकडीवर नाझींची छळछावणी होती, १९३८ ते १९४५. रूटवरून वर जायला चढ आहे म्हणून बाकीचे खाली नदीवर थांबले, मी आणि आजोबा दोघंच गेलो, निम्मा चढ सायकली हातात धरून. तिथे दगडाची खाण आहे आणि तिला १८६ पायऱ्या आहेत, कैद्यांना पाठीवर ग्रॅनाइटचे दगड घेऊन त्या चढायला लावायचे. साधारण १,९०,००० लोक तिथे आणि तिच्या उपछावण्यांमध्ये होते आणि त्यातले निदान ९०,००० मेले. आजोबा पायऱ्यांच्या समोर खूप वेळ उभे राहिले, मग म्हणाले मला इतिहासात हे दोन ओळीत शिकवलं होतं. खाली येताना आम्ही काहीच बोललो नाही. खाली नदी एकदम शांत होती आणि लोक आइस्क्रीम खात होते, ते मला विचित्र वाटलं, अजून वाटतं. लहान मुलांना तिथे नेऊ नका, पण माझ्या वयाच्यांनी जावं, आणि शक्यतो आजोबांबरोबर.

*

मी ६९ वर्षांची आजी. आम्ही फ्रान्समध्ये लुआर नदीचा काठ केला, ब्लुआ ते तूर, मध्ये शांबोरला वाकडी वाट करून. नदी ज्या दिशेला वाहते त्याच दिशेला जायचं म्हणजे सोपं असं मी समजत होते, पण तिथे वारा समुद्राकडून येतो, पश्चिमेकडून, आणि आम्ही पश्चिमेकडेच चाललो होतो. उतार असा नसतोच म्हणायचा आणि वारा मात्र छातीवर. माझ्या मुलाने मला त्याच्या मागे चाकाला चाक लावून चालायला शिकवलं, चाळीस वर्षांपूर्वी मी त्याच्या सायकलचं कॅरिअर धरून मागे पळत होते, आता तो माझ्यासाठी वारा अडवत होता. हे मी त्याला बोलले नाही, इथेच लिहितेय.

शांबोरच्या राजवाड्याचं बांधकाम १५१९ साली सुरू झालं. मध्यभागी गोल जिना आहे, खरं तर एकमेकांत गुंफलेले दोन जिने, एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा एकमेकांना झरोक्यातून बघतात पण भेटत नाहीत. नातीने मला सहा वेळा चढवलं. त्याच साली आंबुआजला लिओनार्दो दा विंची वारला, शेवटची तीन वर्षं तो तिथे राहिला, ते घर बघायला मिळतं. नातीला तो जिना त्यानेच काढला असावा असं ठाम वाटतं. तसा अंदाज जाणकार पण करतात पण पुरावा नाही, हे मी तिला सांगितलं, तिला पटलं नाही.

*

दीड वर्षाच्या बाळाला सायकलला मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये घेऊन गेलेलो. दुपारची झोप चालत्या ट्रेलरमध्ये छान होते, थांबलं की जागं होतं, म्हणून आमचे थांबे त्याच्या झोपेवर ठरायचे. त्या वेळात सासरे पुढे जाऊन सावली शोधून ठेवायचे. बास, एवढंच.

*

आमचं नीट झालं नाही, ते पण लिहायला पाहिजे. जर्मनीत मोझेल नदी, ट्रिअर ते कोब्लेंझ, जवळपास २०० किलोमीटर. ट्रिअरला रोमन काळातला पोर्टा निग्रा दरवाजा आहे, जवळजवळ १८०० वर्षांपूर्वीचा, तिथे सगळ्यांचा हसरा फोटो आहे आणि त्याच्यानंतर तिसऱ्या दिवशी सगळे एकमेकांवर चिडलेले. माझ्या आईला आपण सगळ्यांना मागे ओढतोय असं वाटायला लागलं आणि आम्ही "अगं नाही गं, चालतंय" म्हणत राहिलो, जे तिला अजून लागत होतं. ती रात्री रडली. चौथ्या दिवशी तिनेच सांगितलं, मी आणि बाबा ट्रेनने जातो, तुम्ही या. आणि मोझेलला ते फार सोपं आहे कारण नदी मोठमोठे वळसे घेत जाते आणि कोखेमच्या अलीकडे रेल्वे चार किलोमीटरच्या बोगद्यातून सरळ निघते, आम्ही वळशाने घाम गाळत पोचलो तर ते दोघं गाव बघून नदीवर बाकावर बसलेले, आई आम्हाला कुठे जेवायचं ते सांगत होती. ती मागची राहिली नव्हती, पुढची झाली होती. आम्ही हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. तिला विचारायलाच हवं होतं.

*

वाखाऊबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? ऑस्ट्रियात डॅन्यूबवर मेल्क ते क्रेम्स, ३६ किलोमीटर, २००० साली युनेस्कोच्या यादीत आलेलं खोरं. मेल्कचा मठ १०८९ चा आणि आत्ताची पिवळी इमारत अठराव्या शतकातली, खडकावर अशी बसलीये की सायकलवरून लांबून दिसत राहते. काठाने द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूची झाडं. आमच्या मुलांना मात्र सगळ्यात आवडली ती स्पिट्झची फेरी बोट. तिला इंजिन नाही! नदीवर आडवी तार ताणलीये, बोट तिला बांधलेली, चालवणारा ती प्रवाहाला जरा तिरपी धरतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. माझ्या सासऱ्यांनी काठावर मातीत काडीने रेघा मारून मुलांना ते समजावलं, मग आम्ही परत बसलो, नुसते बघायला.

विलेनडॉर्फला १९०८ साली रेल्वेच्या कामात 'विलेनडॉर्फची व्हीनस' म्हणतात ती ११ सेंटिमीटरची दगडी बाई सापडली, जवळपास ३०,००० वर्षांपूर्वीची. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे, आम्ही चार दिवसांनी ती बघितली तेव्हा मुलं "आम्ही हिच्या गावाला जाऊन आलो" असं सगळ्यांना सांगत होती.

*

धागा काढणारी परत. एकीने मला विचारलंय की आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय, डॉक्टर सायकलला हो म्हणालेत, तर पूर्ण पासाऊ-व्हिएन्ना घ्यावं का. मी तुमच्या जागी असते तर फक्त वाखाऊ घेतलं असतं, ३६ किलोमीटर तीन दिवसांत, मध्ये ड्युर्नस्टाइनला मुक्काम. तिथल्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत होता, पण वर चढ आहे, आईंनी खाली नदीवर बसावं आणि मुलांनी जाऊन यावं. कुठेही थकल्या तर सीझनमध्ये मेल्क-क्रेम्स बोट आहे, ती सायकली पण घेते. आणि निघण्याआधी त्यांना घराजवळ सपाट रस्त्यावर सलग तीन दिवस चालवून बघा, एक दिवस नाही, कारण गुडघा काय म्हणतोय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.