गाडीला जीपीएस ट्रॅकर बसवावा का? लोकेशन नक्की कोण कोण बघतं? (बजेट ३०००)

चिंचवड_युनिकॉर्न
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून मागच्या महिन्यात एक गाडी गेली, हँडल लॉक तोडून, वॉचमन गेटवर असताना. माझी युनिकॉर्न बाइक तिथेच लागते म्हणून ट्रॅकर बसवायचा विचार आहे. बजेट ३००० च्या आत, वर्षाची फी धरून. अडचण अशी की निम्मे दिवस गाडी माझी बहीण नेते, ती हॉस्पिटलला आहे, नाइट ड्युटी असते. दुकानदाराने अ‍ॅप दाखवलं त्यात मागचा सगळा रूट परत चालवून बघता येतो, कुठे किती वेळ थांबली ते पण. ते बघून कसंतरीच वाटलं. हे सगळं कंपनीकडे पण साठत असणार ना? लोकेशन फक्त आपल्यालाच दिसेल असं काही मिळतं का?

सह्याद्री_३५०
भाऊ ३००० मध्ये खेळणं मिळेल. मी साडेसहा हजारांचा घेतला, फोरजी, आत स्वतःची बॅटरी, चावी फिरवली की फोन वाजतो. ताम्हिणीत रेंज जाते तेव्हा पॉइंट साठवून ठेवतो आणि खाली उतरलो की सगळे एकदम पाठवतो, एक किलोमीटर गाळत नाही. प्रायव्हसीचं एवढं काय, फोन खिशात असतोच की दिवसभर. गाडी गेली तर लाख दीड लाखाचा फटका आहे. सरळ चांगला घ्या.

नाशिकचे_काका
आमच्या पुतण्याने बसवला होता. गावी गेला, गाडी उभी राहिली, आला तर सेल्फ मारत नाही. बॅटरी खलास. किक नसलेल्या गाड्यांना तर बसवूच नये. आणि आता नवीन नंबर प्लेट आली ना सगळ्यांना, त्यात चिप आहे, सरकारला गाडी कुठे आहे ते दिसतंच, मग वेगळा ट्रॅकर कशाला?

हिंजवडी_डेव्ह
काका, त्या नवीन प्लेटमध्ये (एचएसआरपी) जीपीएस नाही. होलोग्राम आहे, लेझरने कोरलेला नंबर आहे आणि न निघणारे लॉक आहेत, बस. प्लेटला बॅटरी नाही, सिम नाही, ती लोकेशन पाठवणार कशी?

बॅटरीचं मात्र खरंय. ट्रॅकर सतत २० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला जवळपास अर्धा एएच (अँपिअर-अवर) जातो, ५ एएचची बॅटरी असेल तर आठवडाभर उभ्या गाडीचं काम झालं. स्लीप मोडमध्ये किती ओढतो हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता मूळ प्रश्न. जीपीएस स्वतः कुणाला काही सांगत नाही, तो फक्त सॅटेलाइटचं ऐकतो. सांगतं ते आतलं सिम. ते लोकेशन कंपनीच्या सर्व्हरवर टाकतं आणि तुम्ही अ‍ॅपमध्ये बघता ते त्या सर्व्हरवरून. म्हणजे तुमच्याआधी ते तिथे पोचलेलं असतं. वर बऱ्याच प्लॅटफॉर्मवर डीलरचं वेगळं लॉगिन असतं, त्याने विकलेल्या सगळ्या गाड्या त्याच्या स्क्रीनवर दिसतात. तुमच्या दुकानदाराने अ‍ॅप दाखवताना कुणाच्या गाडीचा रूट दाखवला, हे विचारा त्याला.

चिनी स्वस्त ट्रॅकरबद्दल ऐकीव सांगत नाही. २०१९ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने शोधून काढलं की एकाच उत्पादकाचे जवळपास ६ लाख ट्रॅकर १२३४५६ या डीफॉल्ट पासवर्डवर उघडे आहेत. मग जुलै २०२२ मध्ये मायकोडस या चिनी कंपनीच्या एमव्ही७२० ट्रॅकरवर अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने इशारा काढला. बिटसाइट कंपनीने त्यात सहा त्रुटी शोधल्या होत्या, बाहेरचा माणूस लोकेशन बघू शकेल आणि इंधन पण तोडू शकेल अशा. चालत्या गाडीचं इंधन.

सह्याद्री_३५०
ते स्वस्त मालाचं झालं, म्हणूनच सांगतोय साडेसहा हजारांचा घ्या.

भोसरी_वायरिंग
माझं स्वतःचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, रोज बसवतो. इंजिन कट-ऑफचा रिले (लांबून इंजिन बंद करणारा स्विच) लावू नका, कंपनी काय पण सांगू दे. हायवेवर कोण मागे असेल सांगता येत नाही आणि मध्येच गाडी बंद पडली तर काय होतं ते मी बघितलंय. दुसरं, चोराला ट्रॅकर कुठे असतो ते माहीत असतं, सीटखाली किंवा हेडलाइटमागे, मिनिटात वायर तोडतो. माझं ऐकाल तर चोर स्विच बसवा. इग्निशनच्या लाइनमध्ये छोटा स्विच, जागा फक्त घरच्यांना माहीत. तीनचारशेत काम होतं.

टॅगवाला_ठाणे
अरे एवढं कशाला, एअरटॅग, तो वस्तू शोधायचा छोटा टॅग, टाका सीटखाली. सिम नाही, फी नाही, बॅटरी सीआर२०३२, बदलली की परत वर्षभर चालतो. लोकेशन एन्क्रिप्टेड असतं, अ‍ॅपललासुद्धा दिसत नाही.

हिंजवडी_डेव्ह
चोरीसाठी उपयोग कमी. त्याच्यात जीपीएस नाही, आजूबाजूला आयफोन असेल तरच सापडतो. आणि मे २०२४ पासून अ‍ॅपल आणि गूगलने मिळून सोय केलीय, अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर आयफोन अँड्रॉइड दोन्हीवर सूचना येते. चोरालाही येणार. ती सूचना हवीच, कारण लोक तोच टॅग बायकांच्या पर्समध्ये टाकत होते.

रंकाळा_संध्या
इथे सगळे चीन, सर्व्हर, अ‍ॅपल बोलतायत. दादा, तुमच्या बहिणीला विचारलंत का?

माझ्या स्कूटीला सासरी ट्रॅकर बसवला, सेफ्टीसाठी म्हणून. मला सांगून बसवला, मी पण बरं म्हटलं. मग हळूहळू जेवताना प्रश्न सुरू झाले. रंकाळ्यावर वीस मिनिटं का थांबली होतीस, शाहूपुरीत कोण राहतं. मैत्रिणीशी बोलत उभी होते हो, दुसरं काय. पण उत्तर द्यायला लागतं ना रोज. शेवटी मी स्कूटी काढायचीच सोडली, बसने जायला लागले. गाडी अजून सुरक्षित आहे, पार्किंगमध्येच असते. नाइट ड्युटी करणारी बाई सुटल्यावर चहाला थांबते, कधी नुसती गाडीवर बसून राहते, दमलेली असते. ते कुणाच्या स्क्रीनवर मिनिटांसकट दिसायची गरज नाही, भावाच्या पण नाही.

सह्याद्री_३५०
ताई तुमचा अनुभव वाईट आहे पण तो माणसांचा दोष आहे, ट्रॅकरचा नाही. रात्री दोनला गाडी बंद पडली तर घरच्यांना लोकेशन मिळालेलं बरं की नाही?

रंकाळा_संध्या
तेव्हा ती स्वतः फोनवरून लाइव्ह लोकेशन पाठवेल, तासाभरासाठी. पाठवायचं की नाही ते तिच्या हातात.

कोर्टनाका
कायद्याचं थोडं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. जुलै २०२४ मध्ये तर जामिनावरच्या आरोपीने गूगल मॅपचा पिन तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावा ही अट पण कोर्टाने काढून टाकली. आरोपीवर जी अट चालत नाही ती आपण घरात सहज घालतो. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा कंपन्यांसाठी आहे, पण घरगुती वापर त्यातून वगळलेला आहे. म्हणजे ट्रॅकर कंपनीला तुम्ही या कायद्याने जाब विचारू शकाल, घरात कोण काय बघतं ते घरातच ठरवायचं.

आणि युनिकॉर्न, इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी आहे का? मग चोरीचा एक रुपया मिळणार नाही. आधी ते बघा. दोन्ही चाव्या जपून ठेवा, क्लेमला मागतात.

नाशिकचे_काका
चाव्यांचं बरोबर. आमच्या पुतण्याची दुसरी चावी सापडेना तर किती हेलपाटे घातले.

हिंजवडी_डेव्ह
ट्रॅकर घ्यायचाच असेल तर दोन मार्ग. एक, असा घ्या की एसएमएस केला की मॅपची लिंक एसएमएसवरच परत येते. त्यात एपीएन (सिमचं इंटरनेट सेटिंग) भरायचाच नाही, म्हणजे इंटरनेट नाही, सर्व्हर नाही, हिस्ट्री नाही. डीफॉल्ट पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, नाहीतर नंबर कळलेला कुणीही विचारू शकतो. टूजीवाला असेल तर जिओचं सिम चालणार नाही, जिओकडे टूजीच नाही. दुसरा मार्ग, ट्रॅकार नावाचं फुकट ओपन सोर्स सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर टाका आणि ट्रॅकरला कंपनीऐवजी तुमचा सर्व्हर द्या. मी हेच केलंय, ट्रॅकर कंपनीच्या सर्व्हरवर काही साठत नाही.

चिंचवड_युनिकॉर्न
सगळ्यांचे आभार. दुकानदाराला विचारलं, त्याने दाखवला तो रूट खरंच दुसऱ्या गिऱ्हाइकाचा होता, नाव आणि नंबरासकट. तिथून उठून आलो.

बहिणीशी बोललो. मी एसएमएसवाला घेऊ म्हणत होतो. ती म्हणाली एसएमएस करून विचारलंस काय आणि अ‍ॅपवर बघितलंस काय, माझ्यासाठी सारखंच. तिचं पटलं. ट्रॅकर घेत नाही, एसएमएसचा पण नाही. चोर स्विच पण तिला नको, पहाटे अंधारात चाचपडत बसणार नाही म्हणते. जाड चेन लॉक घेतलं आणि सोसायटीच्या परवानगीने खांबाशेजारी काँक्रीटमध्ये लोखंडी रिंग बसवून घेतोय. उरलेले पैसे इन्शुरन्समध्ये घालतोय, थर्ड पार्टीच होता.

सह्याद्री_३५०
चेन कटरने तुटते. गाडी गेली तर शोधणार कशी, कुणी सांगणार नाही मग. मी तरी अजून म्हणेन ट्रॅकर घ्या.

भोसरी_वायरिंग
चेन जमिनीवर लोळू देऊ नका, जमिनीला टेकली की हातोड्याने तोडतात. उंच बांधा. स्विच हँडलजवळ पण देता येतो, ताईंना घेऊन या एकदा.

पनवेल_स्प्लेंडर
रिंग बसवायला सोसायटीची परवानगी लेखी घेतली का? आमची कमिटी नाहीच म्हणते.