ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधल्या महायुद्धातल्या धावपट्ट्या आणि गाड्या, तशाच का सोडून दिल्या?

रानवाट_७:
नमस्कार मंडळी. कामानिमित्त दीड वर्ष झालं डार्विनमध्ये आहे. मागच्या महिन्यात कॅथरीन गावाला जाताना स्टुअर्ट हायवेला अगदी चिकटून एक जुनी धावपट्टी दिसली, स्ट्रॉस नावाची. गाडी बाजूला घेऊन उतरलो तर पायाखाली अजून डांबर आहे, भेगांतून गवत वर आलंय, आणि कडेला विमानांच्या आकृत्या उभ्या केल्यात. दहा मिनिटांसाठी थांबलो होतो, तासभर गेला. घरी येऊन सॅटेलाइट मॅप बघितला तर ह्यूज, लिव्हिंगस्टोन, कुमाली क्रीक, फेंटन, एकामागून एक सरळ रेघा झाडीतून. एवढ्या सगळ्या इथेच का? आणि रानात गंजून पडलेले ट्रक लोक बघून येतात म्हणे, ते कोणी परत का नेले नाहीत? जाऊन बघायचं तर कसं जायचं?

जुनीपानं:
छान विषय काढलास. 19 फेब्रुवारी 1942 ला जपानने डार्विनवर बॉम्ब टाकले, एकाच दिवसात दोन हल्ले, किमान 235 माणसं गेली. त्यानंतर नोव्हेंबर 1943 पर्यंत हल्ले चालूच होते. सगळी विमानं एका ठिकाणी ठेवली तर एका फेरीत सगळी जाणार, म्हणून हायवेच्या कडेकडेने लांब लांब पट्ट्या काढल्या. फायटर डार्विनच्या जवळ, आणि फेंटनसारख्या आतल्या पट्ट्यांवरून अमेरिकन लिबरेटर बॉम्बर उडायचे, ते पार बोर्निओतल्या बालिकपापानपर्यंत.

आता नावांकडे बघ. कॅप्टन ॲलिसन स्ट्रॉस आणि लेफ्टनंट जॉन लिव्हिंगस्टोन, दोघंही अमेरिकन पी-40 फायटर विमानाचे पायलट, दोघंही एप्रिल 1942 मध्येच गेले. म्हणजे आपण तिथून शंभरच्या स्पीडने जातो तेव्हा बाजूला मॅपवरची खूण नसते, एका माणसाचं नाव असतं. मला हे कळल्यापासून मी तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मार्बल बारच्या दक्षिणेला कोरुना डाउन्स आहे, तोही लिबरेटरचा तळ होता, तो जपान्यांना शेवटपर्यंत सापडला नाही!

स्पॅनर_हातात:
ट्रकचं मी सांगतो, मेकॅनिक आहे. त्या वेळी दक्षिणेकडची रेल्वे ॲलिस स्प्रिंग्सला संपायची आणि डार्विनकडची लॅरिमाच्या जरा पुढे बर्डमला, मधे जवळजवळ हजार किलोमीटर रेल्वेच नाही, सगळं सामान लष्कराच्या ट्रकनी ओढायचं. युद्ध संपल्यावर तेच ट्रक उलट दिशेने नेऊन विकण्यात पैसा आणि पेट्रोल कोण घालणार? सरकारने डिस्पोजल्स कमिशनतर्फे बरंच विकलं, पशुपालकांनी, लाकूडवाल्यांनी घेतलं, ज्याला 'ब्लिट्झ' म्हणतात ते शेव्हरले आणि फोर्डचे कॅनेडियन डिझाइनचे ट्रक पुढे कितीतरी वर्षं स्टेशनांवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या फार्मांवर, राबले. म्हणून झाडाखाली ब्लिट्झ दिसला की तो थेट लष्कराने टाकला असं समजू नका, बऱ्याचदा तो नंतर कोणीतरी वीस वर्षं वापरून, ॲक्सल तुटल्यावर जागच्या जागी सोडलेला असतो.

एक जवळून बघितला मी. समोरची काच खालच्या बाजूला आत वळलेली, उन्हाची चमक वर विमानाला दिसू नये म्हणून. सीटच्या फक्त स्प्रिंगा राहिलेल्या, बोनेटमधून एक झाड वर गेलेलं, पण इंजिनच्या ब्लॉकवरचे आकडे बोटाने माती पुसली तर स्वच्छ वाचता आले. तिथून उठवत नव्हतं.

रानवाट_७:
डोक्यातच आलं नव्हतं हे, गाडीचं दुसरं आयुष्य! पण मग पत्रा इतकी वर्षं टिकला कसा, इथे तर पावसाळ्यात किती पाणी पडतं.

स्पॅनर_हातात:
आत कोरड्या भागात टिकतो, तुमच्या टॉप एंडमध्ये, म्हणजे डार्विनकडच्या उत्तर भागात, लवकर जातो. तिथे गंजापेक्षा वणवा जास्त वाईट. गांबा नावाचं आफ्रिकन गवत पसरलंय, माणसापेक्षा उंच वाढतं आणि पेटलं की आग भयंकर गरम.

मोकळा_आसमंत:
जायचं म्हणत असाल तर मे ते ऑक्टोबर, कोरड्या सीझनमध्ये. स्ट्रॉस आणि लिव्हिंगस्टोन हायवेलगत आहेत, बघणं सोपं. कुमाली क्रीक खाजगी जमिनीवर आहे, विचारल्याशिवाय आत जाऊ नका. आदिवासी जमीन असेल तर लँड कौन्सिलचं (त्या जमिनींचा कारभार बघणारी संस्था) परमिट आधी काढा, त्याला वेळ लागतो, आदल्या दिवशी फोन करून काम होत नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला किंबर्लीत ट्रस्कॉट नावाचा युद्धातला तळ आहे, तिथे तर परवानगीशिवाय जाताच येत नाही.

आणि एक हात जोडून विनंती, काहीही उचलू नका, नट नाही, बाटली नाही, काडतूस तर नाहीच. माझ्याबरोबरच्या एकाने एका पट्टीजवळून विमानाचा छोटा प्लेट घरी आणला, नंबर असलेला. अशा नंबरावरून कुठलं विमान, कोण त्यात होतं हे शोधता येतं, पण तो तुकडा कुठे पडला होता ते गेलं की अर्धी माहिती गेली. मी त्याच्याशी भांडलो, आणि परत भांडेन. फोटो काढा, जीपीएस लिहून ठेवा, तुकडा जिथे आहे तिथेच राहू द्या.

रानवाट_७:
कळलं. जूनमध्ये लिव्हिंगस्टोनपासून सुरुवात करतो, कुमालीला मालकांना आधी विचारतो. फोटो इथेच टाकीन, स्पॅनरदादा, एखादी गाडी सापडली तर ब्लॉक नंबर वाचून द्यायचं काम तुमचं.

स्पॅनर_हातात:
नक्की. माती ओल्या फडक्याने पुसा, वायर ब्रश लावू नका.