बाबांचं विसरणं: आधी कुणाला दाखवावं? आणि आईचं काय?

आजोळ:
बाबा ७२ वर्षांचे. आयुष्यभर हिशेब तोंडपाठ, पण हल्ली भरलेलं विजेचं बिल पुन्हा भरायला निघतात. दुपारी काय जेवलात विचारलं की आधी आईकडे बघतात, मग आईच उत्तर देते. ती म्हणते, वय झालं की होतंच. डॉक्टरांचं नाव काढलं की बाबा चिडतात. आई दिवसभर त्यांच्या मागे असते, रात्री धड झोपत नाही. कुठून सुरुवात करू? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

पाऊलवाट:
उत्तरासाठी आईकडे बघतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डिमेन्शियाच्या (स्मृती आणि विचारशक्ती कमी होत जाण्याच्या आजाराच्या) सुरुवातीला हे बऱ्याचदा दिसतं. जोडीदार सांभाळून घेतो, म्हणून बाकीच्यांना उशिरा कळतं.

बीपी आणि रक्त तपासायचंय म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे न्या. तेच पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवतील. काय घडतंय, केव्हापासून, पूर्वी काय जमायचं, ही चिठ्ठी आदल्या दिवशीच डॉक्टरांना पोचवा, म्हणजे बाबांसमोर त्यांच्या चुकांचा पाढा वाचावा लागणार नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या, झोपेच्या आणि ॲलर्जीच्याही, कारण काही गोळ्यांनीसुद्धा विसरायला होतं. बी१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइड, नैराश्य यांतही असंच दिसू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून "वय झालं" म्हणून थांबू नका.

३० गुणांची एक चाचणी घेतात, त्यात घड्याळाचं चित्रही काढायला लावतात. पण शिकलेला, आकड्यांत मुरलेला माणूस सुरुवातीला त्यात बरे गुण मिळवून जातो. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.

रातराणी:
मी सासूबाईंचं करते, म्हणून आईंबद्दल लिहिते. "काही लागलं तर सांगा" म्हणणारे नातेवाईक खूप असतात. पण त्यांना कुणी काही सांगत नाही आणि ते येतही नाहीत. तुम्हीच वार आणि वेळ ठरवून टाका. शनिवारी चार ते सात बाबांजवळ तुम्ही, आई घराबाहेर. भावंडं असतील तर त्यांनाही असाच वार द्या. लांब राहणाऱ्याने औषधं मागवणं, बिलं भरणं घ्यावं.

निदान लवकर झालं तर बँक, मृत्युपत्र, पुढे कुणी सांभाळायचं, हे बाबा स्वतः सांगू शकतील. नंतर ते दुसऱ्यांनी अंदाजाने ठरवावं लागतं आणि त्यावरून घराघरांत भांडणं होतात.

आजोळ:
खूप आभार, चिठ्ठी आजच लिहिते. पण आई मदतीला परकं माणूस घरात घ्यायला अजिबात तयार नाही.

रातराणी:
आमच्याकडेही तेच होतं. सुरुवातीला आई घरात असतानाच बाईंना तासभर बोलवा, वरकामाला म्हणून. बाबांना चेहरा सवयीचा झाला की आई बाहेर पडतील. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा आईंनाही तपासून घ्या. झोप नाही हे त्या स्वतःहून सांगणार नाहीत, तुम्ही सांगा.

पाऊलवाट:
एक राहिलं. बाबा एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागले किंवा खूप गुंगीत वाटले, तर तो विसरण्याचा भाग समजू नका. लघवीच्या संसर्गानेही तसं होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.