३० मीटरवर आधी काय संपतं, वेळ की हवा?

वाटसरू_पुणे: फेब्रुवारीत स्कूबा डाइव्हिंगसाठी अंदमानात हॅवलॉकला जातोय, डिक्सन्स पिनॅकलला (पाण्याखालचा खडकाचा सुळका) ३० मीटरपर्यंत उतरायचंय. पाडी (PADI) या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात तिथे नो-डेको, म्हणजे वर येताना सक्तीने थांबावं न लागता खाली राहता येईल तो वेळ, २० मिनिटं दिसतो. सिलिंडर नेहमीचा, ११ लिटरचा, २०० बार. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन, कमी नायट्रोजन असलेली हवा) घेतलं तर वेळ वाढेल ना? आणि ५० बारला तळ सोडला तर चालेल?

खारवा: नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजन) वर तीच मर्यादा साधारण अर्ध्या तासावर जाते. ३३ मीटरच्या खाली मात्र ते नेऊ नका, ऑक्सिजनचा दाब सुरक्षित मानल्या जाणाऱ्या १.४ बारच्या वर जातो.

सागरिका_मालवण: वेळ वाढेल हो, पण तेवढा वेळ पुरेल इतकी हवा आहे का? सिलिंडरमध्ये २,२०० लिटर. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे वर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर तिथे ८०.

आधी राखीव काढा. बडीची (डाइव्हमधल्या जोडीदाराची) हवा तळाशीच संपली असं धरायचं. दोघं एका सिलिंडरवर, घाबरलेले, म्हणून प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर. एकमेकांना सावरण्यात एक मिनिट गेलं: २४० लिटर. मिनिटाला ९ मीटरने ५ मीटरपर्यंत चढायला तीन मिनिटं: ५००. सेफ्टी स्टॉप (५ मीटरवरचा खबरदारीचा थांबा) तीन मिनिटं: २७०. शेवटचं मिनिट: ७५. झाले १,०८५, म्हणजे जवळपास १०० बार. ५० बारमध्ये जेमतेम ५५० लिटर असतात. ते बोटीवर परत येताना शिल्लक ठेवायचे, तळ सोडायचा आकडा तो नव्हेच.

उरले ११०० लिटर. ८० ने भागा, चौदा मिनिटंसुद्धा होत नाहीत, आणि त्यातच खाली उतरणं आलं. नायट्रॉक्स जरूर घ्या, फायदा दुसऱ्या डाइव्हला होईल, कारण अंगात नायट्रोजन कमी साठलेला असेल. मी गट नेते तेव्हा हा तळ सोडायचा आकडा बोटीवरच प्रत्येकाकडून पाटीवर लिहून घेते. तो लिहिल्याशिवाय मी कुणालाही पाण्यात सोडत नाही.

वाटसरू_पुणे: म्हणजे पंधरा मिनिटांत डाइव्ह खलास? आणि माझे मिनिटाला २० लिटर आहेत हे कळणार कसं?

सागरिका_मालवण: खलास कशाला? १०० बारला सुळक्याच्या माथ्याकडे सरकायला लागायचं. १८ मीटरवर हाच हिशोब केलात तर राखीव ७० च्या आत बसतो, शिवाय तिथे हवाही कमी लागते. म्हणून खोल भाग आधी.

स्वतःचा आकडा पहिल्याच दिवशी काढा. १० मीटरवर दहा मिनिटं शांत पोहा, किती बार उतरले ते बघा. ३६ उतरले तर ३६ गुणिले ११, भागिले १०, आणि तिथे दाब दुप्पट म्हणून परत भागिले २. साधारण २० येतात. बडीचाही काढा आणि दोघांतला मोठा आकडा धरा.

खारवा: परतीच्या विमानाचंही बघा. रोज डाइव्ह करणार असाल तर शेवटची डाइव्ह आणि उड्डाण यात किमान १८ तास हवेत. बोटीने पोर्ट ब्लेअरला यायचंच आहे, तेव्हा आदल्या दिवशी फक्त सकाळची डाइव्ह ठेवा आणि तिकीट दुपारचं काढा.