२४ संघ घेतल्याने कॉलेज फुटबॉलला न्याय मिळेल का?

वसुधा_कोलंबस

गेल्या आठवड्यात इथल्याच एका सदस्याने लिहिले की, डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमधून (हंगामाअखेरच्या बाद फेरीतून) वगळून नोटर डेमवर घोर अन्याय झाला, त्यावर एकमेव उपाय म्हणजे प्लेऑफमध्ये १२ ऐवजी २४ संघ घेणे, आणि याला विरोध करणारे सगळे बड्या विद्यापीठांचे भाट आहेत. मी ओहायो स्टेटची माजी विद्यार्थिनी असल्यामुळे हा शेरा मला लागू होतो असे धरून सविस्तर उत्तर देते.

आधी नोटर डेमचे पाहू. नोटर डेम आणि मायामी या दोघांचेही १० विजय आणि २ पराभव होते, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच मायामीने नोटर डेमला २७-२४ असे हरवले होते. तरीही प्लेऑफचे संघ ठरवणाऱ्या निवड समितीने आपल्या साप्ताहिक यादीत संपूर्ण नोव्हेंबर नोटर डेमला वर ठेवले, आणि ज्या शेवटच्या शनिवारी या दोघांपैकी एकही संघ मैदानात उतरला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून मायामीला आत घेतले. कारण असे दिले की दोघांच्या मधला बीवायू (ब्रिगम यंग विद्यापीठ) हरून खाली घसरल्यामुळे आता हे दोघे शेजारी आले, म्हणून त्यांच्यातला आपसातला सामना विचारात घेतला. तो सामना नोव्हेंबरमध्येही झालेलाच होता. दोष निकषांचा आहे, संख्येचा नाही. उद्या २४ संघ घेतले तर हाच घोळ २४व्या आणि २५व्या क्रमांकात होईल.

आणि संख्या वाढवण्याची किंमत कोण मोजते? ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मी कोलंबसच्या स्टेडियममध्ये होते. मिशिगनने आम्हाला १३-१० असे हरवले, मैदानाच्या मधोमध त्यांचा झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. आमच्या रांगेतले लोक हातातले थंड झालेले कोकोचे पेले तसेच धरून उभे होते, कुणाला जागेवरून हलवत नव्हते. २०२३ पर्यंतच्या चार संघांच्या पद्धतीत आमचा हंगाम तिथेच संपला असता, आणि संपायलाच हवा होता. त्याऐवजी आम्हाला आठवे मानांकन मिळाले आणि २० जानेवारीला आम्ही नोटर डेमला हरवून विजेते झालो. करंडक मिळाला याचा आनंद मलाही झाला. पण शंभराहून अधिक वर्षे मिशिगनशी होणारा जो सामना वर्षभराचा निकाल लावत असे, तो आता मानांकन एक-दोन घरे खालीवर करणारा सामना झाला आहे. २४ संघ घेतले तर तेवढीही धार उरणार नाही.

नीलेश_टॅलाहॅसी

वसुधाताई, दोनदा हरूनही ज्यांच्या संघाला दार उघडे मिळाले आणि ज्यांनी करंडकही नेला, त्यांनी दार लहान करा म्हणावे हे मला पटत नाही. २०२३ साली फ्लोरिडा स्टेट १३-० होती. कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या विद्यापीठगटाचे, विजेतेपदही जिंकले होते. ३ डिसेंबरच्या रविवारी आम्ही सात-आठ जण लॅबमधल्या एका संगणकाभोवती घोळका करून निवड पाहत होतो. चौथ्या जागेवर अलाबामाचे नाव आले तेव्हा आमच्यातला एक जण, जो एरवी मुंग्या चिरडू नका म्हणून सांगतो, खुर्ची लाथाडून निघून गेला. कारण काय, तर क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी असल्यामुळे हा संघ ‘तोच संघ’ राहिला नाही. म्हणजे झालेले विजय मोजायचे नाहीत, पुढे काय होईल याचा समितीचा अंदाज मोजायचा!

रणजी करंडकात गटातले पहिले दोन संघ पुढे जातात. मुंबईचे नाव मोठे आहे म्हणून कुणी तिला उचलून बाद फेरीत नेऊन बसवत नाही. इथे मात्र नावाला वजन आहे. २०२५ च्या हंगामात अलाबामा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून २८-७ असा सडकून मार खाऊनही नवव्या क्रमांकावरून हलली नाही. जागा कमी ठेवल्या की त्या बड्यांनाच जातात, हे गेल्या २५ वर्षांत दिसले आहे. २००४ मध्ये ऑबर्न अपराजित राहूनही विजेतेपदाच्या सामन्याबाहेरच राहिली. आणि दहाव्या मानांकनाच्या मायामीने त्याच हंगामात थेट अंतिम सामना गाठला, इंडियानाला २७-२१ पर्यंत झुंजवले. तुमच्या चार संघांच्या जगात मायामी कुठे असती?

विनायक_पिट्सबर्ग

त्यानंतर ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने त्याच फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे हरवले, ते नीलेशराव सोयीस्करपणे विसरले.

नीलेश_टॅलाहॅसी

विसरलो नाही. प्लेऑफ नाकारल्यावर आमचे निम्मे मुख्य खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते. बाहेर काढायचे, आणि बाहेर काढल्यामुळे मोडलेला संघ दाखवून ‘पाहा, आम्ही बरोबर होतो’ म्हणायचे, हा युक्तिवाद मी तुमच्याकडून ऐकून घेणार नाही.

मृणाल_ग

आपण सगळे क्रमांकांवर भांडत आहोत आणि पैशाबद्दल कुणी बोलत नाही. मी ज्या विद्यापीठात पीएचडी केली त्याचे नाव घेत नाही, पण ते या प्लेऑफच्या आसपासही नसते. दर सेमिस्टरच्या बिलात, ट्यूशन माफ असूनही, ॲथलेटिक्स फी नावाची एक ओळ असे आणि ती असिस्टंटशिपच्या तुटपुंज्या मानधनातून भरावी लागे. मी तिथे एकही सामना पाहिला नाही. माझ्याबरोबरची नागपूरची मैत्रीण त्या महिन्यात किराण्याचा हिशेब दोनदा करत असे. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी या प्लेऑफसाठी सहा वर्षांचे ७.८ अब्ज डॉलर देते आणि २०२६ पासून त्यातला निम्म्याहून अधिक वाटा बिग टेन आणि एसईसी या दोनच कॉन्फरन्सना जाणार आहे. उरलेल्या विद्यापीठांना ‘तुम्हालाही दार उघडे आहे’ हे गाजर दाखवले जाते, आणि त्या गाजरामागे धावण्याचा खर्च माझ्यासारख्यांच्या बिलात येतो. २४ संघ म्हणजे धावणारे आणखी वाढतील.

वसुधा_कोलंबस

फीचा मुद्दा गंभीर आहे. पण धागा प्लेऑफमधल्या संघसंख्येचा आहे. कृपया विषय भरकटवू नये.

मृणाल_ग

ताई, संख्या कशासाठी वाढवली जाते हाच विषय आहे. सामने वाढले की प्रक्षेपण वाढते, एवढेच त्यामागचे गणित आहे. ज्यांच्या विद्यापीठाचे फुटबॉल स्वतःचा खर्च स्वतः भागवते त्यांना हे भरकटणे वाटते.

विनायक_पिट्सबर्ग

मृणालताईंच्या फीबद्दल मला सहानुभूती आहे, परंतु त्या खेळाडूंचे काय? मी १९८० च्या दशकापासून हा खेळ पाहतो. मुलांचे गुडघे मोडत होते, आणि विद्यापीठे त्यांना शिष्यवृत्तीखेरीज काही देत नव्हती. जुलै २०२५ पासून प्रत्येक विद्यापीठाला सगळ्या खेळाडूंत मिळून थेट पैसे (पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत) वाटता येतात, यात मला काहीही गैर दिसत नाही. इंडियाना आणि मायामी दोघेही २०२५ च्या हंगामात १६ सामने खेळले. गैर काही असेल तर ते प्रशिक्षकांचे वागणे. ओले मिसचा (मिसिसिपी विद्यापीठाचा) संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर असताना त्यांचे प्रशिक्षक लेन किफिन एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) निघून गेले, आणि ती मुले त्यांच्याविना उपांत्य फेरीपर्यंत गेली.

मृणाल_ग

खेळाडूंना पैसे द्यावेत, हे मीही म्हणते. ते २ कोटी लहान विद्यापीठे कुठून आणणार, एवढेच विचारते आहे. ट्यूलेन ओले मिसकडून ४१-१० आणि जेम्स मॅडिसन ओरेगनकडून ५१-३४ अशी हरली, आणि लगेच ‘यांना आत घेतलेच कशाला’ ही ओरड सुरू झाली. इंडियानाला विजेते करणारे कर्ट सिग्नेट्टी २०२३ पर्यंत याच जेम्स मॅडिसनचे प्रशिक्षक होते, आणि जाताना तिथले बरेच खेळाडूही त्यांच्यामागोमाग गेले. लहानांनी माणसे घडवायची, मोठ्यांनी ती न्यायची, आणि वर तुम्ही कमकुवत आहात असेही त्यांनाच सांगायचे?

विनायक_पिट्सबर्ग

हे मात्र मला खोडता येत नाही.

फार्गोवासी

मुख्य विषयाकडे येतो. कॉलेज फुटबॉलच्या खालच्या विभागात १९७८ पासून प्लेऑफ आहे आणि आज तिथे २४ संघ असतात. त्या विभागातले नॉर्थ डकोटा स्टेटचे सामने मी फार्गोडोममध्ये पाहिले आहेत. बाहेर उणे वीस तापमान, आत कानठळ्या बसवणारा आवाज, आणि ऑक्टोबरमधल्या साध्या सामन्यालाही तीच गर्दी, कारण वरचे मानांकन म्हणजे घरचे मैदान. २४ संघांनी नियमित हंगाम मरतो, हे वसुधाताईंचे म्हणणे अनुभवाला धरून नाही.

वसुधा_कोलंबस

तुमच्याकडे वरच्या मानांकनाला अंतिम सामन्याआधीपर्यंत घरचे मैदान मिळते. आमच्याकडे पहिल्या चारांना पहिली फेरी न खेळता पुढे चाल मिळते, आणि मग थेट त्रयस्थ मैदानावरचा बोल सामना. २०२४ आणि २०२५ च्या हंगामांत अशा आठ संघांपैकी फक्त इंडियाना पुढचा सामना जिंकली. बाकी सात तीन-चार आठवडे बसून राहिल्यावर हरले. उपांत्यपूर्व फेरी विद्यापीठांच्या मैदानांवर खेळवली, तर माझा विरोध काहीसा कमी होईल, हे नाइलाजाने मान्य करते. मायामीबाबत नीलेशचे म्हणणेही मला मान्य आहे. परंतु १२ पुरेसे आहेत. वरच्या विभागातल्या १३० हून अधिक संघांतून २४ निवडायचे म्हटल्यावर चार-चार पराभवांचे संघ आत येणार.

नीलेश_टॅलाहॅसी

१६ वर थांबायला मी तयार आहे, दोन अटींवर. दोन संघांची कामगिरी सारखी असेल तर आपसातला निकाल आधी पाहायचा, मग ते यादीत शेजारी असोत वा नसोत. आणि नोव्हेंबरभर दर मंगळवारी टीव्हीवर यादी जाहीर करणे बंद करायचे. ती यादी नसती तर नोटर डेमला पाच आठवडे खोटी आशा लागली नसती.

वसुधा_कोलंबस

दोन्ही अटी मान्य. १६ मान्य नाही.