एकाच भूखंडाची दोन खरेदीखते: प्रांताकडे अपील करावे की दिवाणी दावा लावावा?

प्रश्न

नमस्कार. वडिलांनी १९९६ साली सातारा जिल्ह्यात एक बिनशेती भूखंड नोंदणीकृत खरेदीखताने घेतला. परंतु फेरफार (महसुली अभिलेखात नाव बदलण्याची नोंद) राहून गेला आणि सातबारावर मूळ मालकाचेच नाव चालत राहिले. मूळ मालकाच्या निधनानंतर त्यांच्या वारसांची नोंद झाली, आणि २०२४ मध्ये त्या वारसांनी हाच भूखंड दुसऱ्या एका गृहस्थांना नोंदणीकृत खताने विकला. त्या खरेदीदारांनी पूर्वेच्या बाजूला सिमेंटचे खांब रोवून तार ओढली आहे. उरलेला भाग आमच्या वहिवाटीत आहे. आमची फेरफार नोंद हरकतीमुळे तक्रारी झाली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी ती गेल्या महिन्यात नामंजूर केली. वडील आता हयात नाहीत. प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील करावे की थेट दिवाणी न्यायालयात जावे? सातबारा पाहून विश्वासाने खरेदी केली, असे समोरचे म्हणतात. ते न्यायालयात टिकेल का?

उत्तर १ (दिवाणी वकील)

सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा दस्त नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातील नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. आपल्या वडिलांच्या खताने १९९६ सालीच मूळ मालकाची मालकी संपली. जे त्यांच्याकडे उरले नव्हते ते वारसांना मिळाले नाही आणि त्यांना ते विकताही आले नाही. विश्वासाने घेतल्याचा बचावही दुबळा आहे, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे नोंदणीकृत दस्ताची माहिती नंतरच्या खरेदीदारास होती असेच कायदा मानतो. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २ चा (नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीचा) शोध घेतला असता तर आपले खत समोर आले असते.

मालकीचा निवाडा महसुली अधिकारी करू शकत नाहीत, म्हणून दावा दिवाणी न्यायालयातच लावावा. केवळ मनाई हुकूम मागून थांबू नये. मालकीवर गंभीर आक्षेप असेल तेव्हा मालकी ठरवून मागणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या अनाथुला सुधाकर प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे मालकीची घोषणा, २०२४ चे खत आपणांवर बंधनकारक नसल्याची घोषणा, तारेच्या आतील भागाचा ताबा आणि उर्वरित भागाबाबत कायम मनाई, अशा चारही मागण्या एकाच दाव्यात असाव्यात. वडिलांचे सर्व वारस वादी, तर विकणारे वारस व खरेदीदार प्रतिवादी असावेत. घोषणेसाठी मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे तीनच वर्षे असतात, आणि दाव्याचे कारण प्रथम घडल्यापासून ती मोजली जातात. महसुली अपिलात गेलेला काळ त्यातून आपोआप वजा होत नाही.

उत्तर २ (महसूल खात्यातील निवृत्त कर्मचारी)

वकीलसाहेबांशी सहमत आहे, तरी अपील सोडू नका असे आग्रहाने सांगतो. जमीन महसूल संहितेच्या कलम २५० प्रमाणे अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे. अपील दाखल करून ठेवावे, म्हणजे नामंजुरीचा आदेश अंतिम झाला असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्याच्या निकालासाठी दावा अडवून ठेवू नये. पुढे हुकूमनामा आपल्या बाजूने झाला की त्याच्या आधारे फेरफार होतो.

उत्तर ३ (अशाच दाव्यातील वादी)

आमच्या दाव्यात मालकीच्या युक्तिवादापेक्षा जागेच्या वर्णनावरच अधिक काळ गेला. खतातील चतुःसीमेत शेजाऱ्याचे जुने नाव होते आणि नकाशात वेगळे, त्यामुळे प्रतिवादींनी ही जागाच दुसरी आहे असा पवित्रा घेतला. म्हणून भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि खांब नेमके किती आत आले आहेत ते नकाशावर दाखवून घ्यावे. प्रतिवादींनी मोजणी अमान्य केली, तर न्यायालय आयुक्त नेमण्याची विनंती करता येते. आणखी एक गोष्ट: दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ चे (दावा चालू असताना झालेल्या विक्रीपासूनचे) संरक्षण मिळण्यासाठी ही नोंदणी आवश्यक आहे. ती नसेल आणि भूखंड तिसऱ्याला विकला गेला, तर त्याच्याशी नव्याने झुंजावे लागेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ खत घरात सापडत नाही. दुय्यम निबंधकाकडील प्रमाणित प्रत मात्र मिळाली आहे. ती पुरेशी होईल का?

उत्तर १ (दिवाणी वकील)

होऊ शकेल, पण मूळ खत हरवल्याची पायाभरणी पुराव्याने करावी लागेल. ते कोणाकडे असे, कोठे शोधले, हे दाव्यात व शपथपत्रात स्पष्ट लिहावे, कारण ही पायरी सुटली की प्रमाणित प्रतीच्या ग्राह्यतेवर उलटतपासणीत हमखास हरकत येते. खतावरील साक्षीदार हयात असल्यास त्यांची साक्ष वेळेत नोंदवून घ्यावी. पूर्वेकडे बांधकाम सुरू होण्याची शक्यता असेल तर दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या आणि त्याला मोजणीचा नकाशा व तारेची दिनांकासह छायाचित्रे जोडा.